आधी त्यांचं म्हणणं

विद्यापीठात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून वरपर्यंत सगळे ‘दुसरीबाजू सर’ म्हणत, अर्थात पाठीमागे. सरांच्या कानावर ते यायचं, पण राग यायचा नाही. मुळात रागवायला लागलं की त्यांना समोरच्याचंच बरोबर वाटायला लागे. मग कसला राग आणि कसलं काय!

शिकवायचे ते नीती, न्याय आणि जगाचे प्रश्न. ऑनर्सचा खास वर्ग, जिन्यालगतची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. वर्गाचा नियम एकच: स्वतःचं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यानेच मान डोलवावी. नाही डोलली तर खाली बसा. वरच्या देशाने नदीचं पाणी अडवावं का, परागंदा माणसांना दार उघडावं का, अशा प्रश्नांवर मुलं एकमेकांच्या माना डोलवत बसत. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत सगळे पेंगतायत.

त्यात एक पोरगी होती, तिच्या वाद घालण्यावरून सर तिला ‘वकिलीणबाई’ म्हणत. बापाशी अबोला धरून, चांगली चालती शाखा सोडून ती या वर्गात आली होती.

आणि त्याच वर्षी वर्ग बंद करायची भाषा सुरू झाली. मुलं कमी आणि खोलीवर संगणकवाल्यांचा डोळा. बैठक ठरली, सरांना बोलायला बोलावलं. सकाळी बायको त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होती.

“अहो, आज तरी आधी स्वतःचं बोला. त्यांचं बोलायला ते आहेत की.”

“अगं, मुलांना आयुष्यभर जे सांगितलं, ते मीच मोडू?”

“मुलांना मार्क तुम्ही देता. तुम्हाला तिथे कोण देणार आहे?”

सर हसले. गरम शर्ट अंगात घातला आणि निघाले.

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, चेहऱ्यांवर कंटाळा. सर उभे राहिले. “आधी तुमचं म्हणणं मांडतो,” म्हणाले आणि जे सुटले! म्हणाले, “या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलाला ‘काय शिकलास’ विचारलं तर घरच्यांना सांगता येत नाही. आम्ही जगाचे प्रश्न शिकवतो, त्यातला एकही आमच्याने सुटलेला नाही. उलट चांगली बोलणारी मुलं इथे येऊन अडखळायला लागतात.” संगणकवाल्यांच्या प्रमुखाला एवढं स्वतःला सुचलं नव्हतं, त्याने लिहून घेतलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. एवढ्या माना एकदम डोललेल्या सरांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांना अगदी भरून आलं. आता आपली बाजू, म्हणून त्यांनी घसा ओला करायला बाटली तोंडाला लावली.

त्या घोटभर वेळात अध्यक्ष म्हणाले, “सर, आम्हाला बोलायला जड गेलं असतं. तुम्हीच मोकळ्या मनाने सांगितलंत.” टाळ्या पडल्या. पुढचा विषय निघाला, गाड्यांच्या शेडचा.

“साहेब, माझं अजून…”

“आलं की सगळं, सर.”

शेडवाले दारात ताटकळले होते. त्यांचीही काही बाजू असणारच. सर खाली बसले.

वर्गाच्या शेवटच्या तासाला मुलांना सगळं कळलेलं होतं. वकिलीणबाई म्हणाली, “सर, तिथे राहिलं ते इथे बोला. आम्ही काही विचारणार नाही, नुसतं ऐकतो. मला घरी जाऊन बाबांना काहीतरी सांगावं लागेल.”

सर उभे राहिले. तोंड उघडलं. “त्यांचं असं म्हणणं होतं…”

“त्यांचं नको, सर. तुमचं.”

सर मनात शोधायला गेले. तिथे बैठकीत बोललेलं सगळं नीट लावून ठेवलेलं होतं, वाक्याला वाक्य, कुठे फट नाही. त्याच्या मागे काही असेल म्हणून त्यांनी हात घातला, तर हाताला काही लागेना. ते बोलत असताना त्यांची स्वतःची मानही डोललीच होती.

दारात हमाल येऊन उभे राहिले, खांद्यावर संगणकाची टेबलं. “सर, खोली कधी मोकळी होईल? ओझं आहे हो.”

सरांनी पोरीकडे पाहिलं, मग हमालांकडे.

“त्यांचंही बरोबर आहे,” म्हणाले आणि आपली खुर्ची उचलून भिंतीला लावायला लागले.

बाकीची मुलं उठली. वकिलीणबाई उठली नाही. हमालांनी तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या नेल्या, टेबलं आत आणली, आणि ती मधोमध एकटी बसून सरांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली.