खाडीची पाच वाजताची पाहणी

नव्या शहराची आखणी चालू होती तेव्हा मी त्या कामावर नवा कारकून होतो. घरात सही करता येणारा मी पहिलाच. वडिलांचा अंगठा लोक कागद वाचून न दाखवताच घेत.

एका गावामागच्या खाडीच्या फाट्याची पाहणी साहेबांनी सकाळी अकराला ठेवली. तेव्हा नेमकी ओहोटी होती. काठावरून चिखल बघून साहेब म्हणाले, "लिही, पाणी नाही. भराव घालायला हरकत नाही."

शेजारी जाळं सुकवणारी कोळीण हसली. "सायब, पानी काय तुमच्या हापिसात नोकरीला हाय, अकराला हजेरी लावाला?" मग माझ्याकडे वळली. "तू पाचला ये रं, दाखवतंय."

पाचला मी गेलो. तिनं मला होडीत बसवलं आणि बांबू टेकत तिवरांमधून थेट गावाच्या परसापर्यंत नेलं. सकाळच्या चिखलावर आता पुरुषभर पाणी होतं.

"ही वाट बुजवली त आमी होड्या डोक्यावर घेऊन फिराचं काय?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. पाहणी करणारा म्हणून सही माझी हवी होती.

"साहेब, तिथे पाणी आहे. मी त्यावरून जाऊन आलो."

"नोकरी पक्की व्हायचीय ना तुझी?"

"व्हायचीय."

मी 'पाणी नाही' खोडलं. वर लिहिलं, 'भरतीला पुरुषभर पाणी, गावाच्या होड्यांची वाट.' पुन्हा एकदा सगळं वाचलं आणि मगच खाली पूर्ण नावानिशी सही केली.