फक्कीची खोली

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ राजलक्ष्मी, धार काढताना अशी हरवते की म्हशीनं पान्हा चोरला तरी हिला पत्ता नसतो. लग्न होऊन मी पणदऱ्याला आले, तेव्हा मला वाटलं बाई जरा मंद आहे. नंतर कळलं, मंद नाही, इथं नाही. हात बादलीवर आणि स्वारी भलतीकडंच.

माझ्या वैष्णवीला दहावीनंतर बारामतीच्या सरकारी आयटीआयत घालायचं होतं. मला रानातून सवड नव्हती, म्हणून सोबतीला अक्का गेली. पोरीचा अर्ज भरून आली आणि येताना स्वतःचाही भरून आली. दहावी पास असलं की झालं, वयाला वरची अट नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणे. यादीत दोघींची नावं लागली. फी पेंडीच्या एखाद्या पोत्याएवढी. जोतीरामआबांना, आमच्या सासऱ्यांना, ती इतकी कमी वाटली की त्यांना त्या शिक्षणावरच संशय आला. पण थोरले दीर स्वभावानं मवाळ. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, म्हणाले, आणि सकाळच्या सगळ्या धारा माझ्या गळ्यात पडल्या.

मी चिडले, खोटं कशाला सांगू. चाळिशीला टेकलेली बाई पाठीला सॅक लावून एसटीत चढणार आणि मी शेणात हात घालणार. वर्गातली पोरंपोरी तिला आधी मावशी म्हणायची, मग सगळीच अक्का म्हणायला लागली. शिकत होती ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे इमारतींचे नकाशे काढायला. संध्याकाळी भाकरी थापताना मला समजावून सांगायची. घराचा प्लॅन काढायचा तर घर खिडकीच्या उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग अलगद उचलून बाजूला ठेवायचा आणि आभाळातून खाली बघायचं.

तेव्हापासून अक्काला घरांवर छपरंच दिसेनाशी झाली. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ती रस्त्याकडेची घरं उघडत यायची. कुणाचा देव्हारा कुठं आहे, कुणाची म्हातारी कुठल्या कोपऱ्यात निजते, जिन्याखाली काय काय कोंबलंय. मग उसाच्या रानांवर ऊन कलायचं, गाडी डुलायची, आणि कधी कधी ती आमचा थांबा सोडून पुढं जायची. एकदा मी तिला विचारलं, तुला त्या घरांतली माणसंही दिसतात का? दिसतात की, म्हणाली, पण वरून, नुसती डोकी. कुणी भांडत असलं तरी वरून कळत नाही. मला हे फार आवडलं. तिला तसं बोलले मात्र नाही.

घरी तिची अडचण एकच होती, पण मोठी. आमच्या जुन्या घरात कागद पसरायला जागा नाही. पडवीत पाटावर बोर्ड ठेवून ती रेघा ओढायची. कुणी पाहुणा आला, दूध संघाचा माणूस आला, की शीट काढून गुंडाळायची. परत लावली की जुनी रेघ नव्या रेघेला काही केल्या मिळायची नाही. असं होता होता एक दिवस तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि रडू आलं तिला. घरात एवढी माणसं वावरतात, म्हणाली, पण एक कागद रातभर जागच्या जागी ऱ्हाईल अशी हातभर जागा मला न्हाय. तशी जागा मलाही नव्हती आणि आत्यांना, आमच्या सासूबाईंना, तर कधीच नव्हती. स्वयंपाकघर आमचं म्हणायचं, पण तिथंही कुणीही कधीही येऊन डबे उघडायचं.

ती दुसऱ्या वर्षाला असताना आबांनी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत नवीन घर बांधायचं काढलं. नकाशा घरातच होतोय म्हटल्यावर आबा खूश. अक्का महिनाभर मनानंच त्या घरात राहून आली. पहाटे कुठल्या खिडकीतून उजेड येईल, दुपारी कुठं गार वाटेल, पावसाळ्यात चपला कुठं निघतील. हॉल, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, आणि हॉलला लागून उत्तरेला एक लहान खोली, मोठ्या खिडकीची. उत्तरेचा उजेड दिवसभर हलत नाही, असं तिनं फक्त मला सांगितलं. ती खोली तिची होती. घरात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आखणीच्या दिवशी हिंदुराव गवंडी आले. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोरीवरून चुन्याची फक्की सोडली. दारांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. दिवस कलता काळ्या मातीवर सगळं घर पांढऱ्या रेघांत उमटलं आणि आबांचा चेहराच पडला. त्यांनी आयुष्यभर मनात धरलेलं घर ते हे? पाहुण्यांनी बसायचं कुठं? करडं कोंडायला बांधलंय का?

अक्कानं सांगून पाहिलं. मोकळ्या रानात आखलेली खोली नेहमी लहानच दिसते, वर्गात सरांनी मुद्दाम मैदानावर आखून दाखवली होती. वर आभाळ असतं ना, त्याच्याखाली काय मोठं दिसणार? तिनं टेप लावून दाखवला. पण आबांचा टेपवर विश्वास नव्हता. हिंदुरावांना म्हणाले, ही उत्तरंची खोली काढा, हॉलमधी घ्या. हिंदुरावांनी रेघ पुसायला पायही पुढं केला.

तेवढ्यात आत्या बोलल्या. द्वारकाबाई म्हणजे चार दिवसांत चार शब्द बोलणारी बाई. "थांबा. आदी सामान मांडून बगू," म्हणाल्या.

मग आम्ही सगळं घर बाहेर काढलं. आबांची खुर्ची, पाहुण्यांच्या खुर्च्या, कपाट म्हणून धान्याची कोठी, पलंग, देवाचा पाट. हॉलमध्ये सगळ्या खुर्च्या मांडल्या, तरी वैष्णवीला मध्ये फिरायला जागा उरली. अक्कानं उत्तरेच्या खोलीत आपला बोर्ड ठेवला आणि आत्यांनी तिथं बाज टाकून मांडी घातली. मी जुन्या घरातून चहा करून आणला, तो नव्या स्वयंपाकघरात कपांत ओतला. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, तरी सगळे आपोआप हळू बोलायला लागले. विहिरीकडून गार वारा येत होता. वरून कुणी पाहिलं असतं तर आमची नुसती डोकी दिसली असती, आपापल्या खोलीत चहा पिणारी.

आबा खुर्चीत बसून बराच वेळ इकडं तिकडं बघत राहिले. हॉल पुरेसा आहे, हे त्यांना पटलं होतं, कबूल करायचं जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, ऱ्हाऊ द्या मग. त्या बारक्या खोलीत खताची पोती बसतील.

अक्का बोर्डजवळ उभी होती. आता ही मान खाली घालणार, मला ठाऊक होतं.

"न्हाय आबा," ती म्हणाली. "ती माजी खोली हाय."

आवाज चढला नव्हता. पण माझी म्हणून या घरात बाईनं खोली मागितलेली मी कधी ऐकली नव्हती. थोरल्या दिरांनी कप खाली ठेवला. हिंदुराव विहिरीकडं बघायला लागले. आत्या बाजेवरून हलल्या नाहीत.

आबा उठले. तरातरा त्या खोलीकडं निघाले. रेघेपाशी आले, ती ओलांडायला पाय उचलला आणि तसाच धरला. खाली फक्की होती, बोटभर रुंद, पायानं सहज पुसली गेली असती. त्यांनी पाय मागं घेतला. मग रेघेच्या कडंकडंनं चालत, दारासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपर्यंत गेले. तिथं उभे राहिले. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

अक्का म्हणाली, "या."