आकडा ठरेना

व्हेलमाउंट गावात शाळेची बस चालवणारी डार्लीन प्रोकोप दुकानात शिरली की लवकर बाहेर पडत नसे. त्या हिवाळ्यात धाकट्या भावाला, वेंडेलला, स्नोमोबाइलवरून डोंगरात जायचं होतं. ती म्हणाली, आधी सामान. प्लास्टिकचं फावडं तिनं गुडघ्यावर दाबून वाकवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"अगं, बर्फ उकरायचाय, विहीर नाही खणायची," वेंडेल म्हणाला.

"वरून कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. हे धातूचं घे. आणि हे शोधयंत्र, गाडला गेलास तरी माझ्या यंत्राला खूण पाठवत राहील, ते छातीला बांधायचं, सॅकमध्ये नाही. सॅक वाहून गेली तर मी काय सॅक शोधत बसू?"

फेब्रुवारीत, लख्ख उन्हाच्या एका सकाळी, वेंडेल उतारावर चढत होता आणि डार्लीन बाजूच्या झाडांपाशी थांबली होती. त्याच्या वरच्या बाजूला बर्फात एक रेघ उमटली. मग अख्खा उतार खाली सरकला. वेंडेलनं गाडी वळवली, पण ती वळेपर्यंत लाट त्याच्यावरून गेली होती.

सगळं थांबल्यावर डार्लीननं आधी वर पाहिलं. आणखी काही कोसळणार नाही अशी खात्री झाली, तशी तो दिसेनासा झाला होता तिथवर ती गेली आणि आपलं यंत्र शोधावर टाकलं. आकडा आला अडतीस मीटर. मग बारा. मग एकदम पन्नासच्या वर. बाण गरगर फिरत होता. ती दहा पावलं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. आकडा काही ठरेना. यंत्रच वाईट निघालं, आपणच निवडलेलं, असं वाटून तिनं त्याला एक शिवी हासडली.

आणि तेवढ्यात तिला जाणवलं की आपली बोटं ऊबदार आहेत. हातात बॅटरीवर तापणारे मोजे होते, नाताळात वेंडेलनंच दिलेले. फोनमुळे यंत्र गोंधळतं, म्हणून शोधताना तो लांब ठेवायचा हे तिला शिकवलं होतं, तिनं तो बंदही केला होता. मोज्यांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं ते ओरबाडून काढले आणि जमेल तितके लांब फेकले.

चोवीस. एकोणीस. अकरा. बाण सरळ झाला. उघड्या हातांनी तिनं सॅकमधली लांब सळई काढून बर्फात खुपसली, पुन्हा खुपसली, आणि ती मऊशा कशाला तरी अडली. मग उताराच्या खालच्या बाजूनं ती खणत सुटली. आधी हेल्मेट दिसलं. तिनं त्याच्या तोंडातला बर्फ बोटानं काढला, ओठ निळे पडले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो खोकला.

तिनं फोन चालू करून बोलावलेलं हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्याची मांडी मोडल्याचं कळलं. इस्पितळात दुसऱ्या दिवशी तो छताकडे बघत पडला होता.

"मला खालून तुझा आवाज येत होता," तो म्हणाला. "शिव्या देत होतीस."

"हं."

"मला?"

"यंत्राला," डार्लीन म्हणाली, आणि त्याचं पांघरूण सारखं करत, "मग तुलापण."