अंतराळ केंद्रातला वॉचमन

परवा एका फायलीत मुळशीच्या अंतराळ केंद्राचं जुनं तिकीट सापडलं. तिथे मी एकटाच गेलो होतो. ओल्या रंगाचा वास येणाऱ्या दालनांतून गावातलाच म्हातारा वॉचमन माझ्या मागेमागे फिरत होता. चंद्राच्या प्रतिकृतीपेक्षा मी खिडकीबाहेरचा डोंगरच जास्त बघतोय, हे त्याने हेरलं. "एकटं कुणी हितं चंद्र बघाया येत न्हाई. कुणाची जमीन बघताय?" मला रागच आला. "छे हो काका, ताऱ्यांची आवड आहे." "व्हय, आधीच्यांनीबी हेच सांगितलं," म्हणत त्याने फाटकापाशी माझ्या गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला. ती फाईल त्याच डोंगरावरच्या माझ्या प्लॉटची आहे. कुंपणाशी अनोळखी गाडी थांबली की हल्ली मीही नंबर लिहून घेतो.