पुस्तकात नसलेली भागू

जेवण झालं की सुलोचनाबाईंचे डोळे त्यांचं ऐकत नाहीत. आजही तेच. पोटावर कादंबरी उपडी, चष्मा कपाळावर, डोक्यावर पंखा कुरकुरतोय आणि जागं राहायचं म्हणून त्या स्वतःलाच दटावताहेत. शेवटची थोडी प्रकरणं राहिलीत. पण पुढचं पान उलटायला हात धजत नाही, आणि हात धजत नाही म्हटल्यावर झोपेला आयतंच फावतं.

कादंबरी जुनी, नावाजलेली. सुलोचनाबाईंना ती जवळजवळ पाठ आहे, पण ऐकून. जयसिंगपूरच्या मगदुमांच्या घरात दुपारी पापड लाटायला बसलं की थोरल्या जाऊबाई, पद्माक्का, वाचायच्या आणि बाकीच्यांचे हात चालायचे. अशा कितीतरी गाजलेल्या कादंबऱ्या त्या घरात पिठाबरोबर मळल्या गेल्या. दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. मग सुलोचनाबाई वाचनालयातून तीच पुस्तकं आणून स्वतः वाचायला लागल्या आणि तिथेच घोटाळा झाला. या कादंबरीतल्या वेणूच्या घरी भागू नावाची फटकळ मोलकरीण होती, जिच्या बोलण्याला हसता हसता पापडाच्या लाट्या सुकून जायच्या. ती भागू निम्मं पुस्तक संपलं तरी उगवेना. सुलोचनाबाई तडक वाचनालयात गेल्या आणि ग्रंथपाल चौगुल्यांना म्हणाल्या, तुमच्या पुस्तकाची पानं गळालीत. चौगुल्यांनी बिचाऱ्यांनी दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. भागू कशातच नव्हती.

आणि काल वेणूच्या बाळाला ताप भरला. अक्कांच्या वाचनात तो पहाटे उतरला होता. पण जिथे अख्खी भागू अक्कांच्या मनची निघते, तिथे तापाचा काय भरवसा? तेव्हापासून पुस्तक त्याच पानावर अडलंय.

पंख्याची कुरकुर थांबते. लाटण्याचा आवाज येतो.

गच्चीवर ऊन आहे, पण पाय भाजत नाहीत. अक्का पोळपाटासमोर मांडी घालून बसल्यात, पदर खोचलेला, मांडीवर पुस्तक. दोन्ही हात लाटण्यावर आहेत, तरी पान आपोआप उलटतंय. यात काही वावगं आहे असं सुलोचनाबाईंना वाटत नाही.

"भागूला शोधालीस म्हणे?"

"चौगुल्यांशी भांडून आले तुमच्यापायी."

"भांडायचंच की. असली बाई पुस्तकात नाही, ही लिहिणाऱ्याची चूक."

"खरं आहे," सुलोचनाबाई म्हणतात. "त्या घरात सगळे नुसते उसासे टाकतात. पाणी कोण भरतं, ते कुठं लिहिलेलंच नाही."

"तेच मला कळंना. म्हणून आणली एक."

"आणि चांदणं हो? 'इथं चार पानं चांदणं हाय' म्हणून सरळ पुढं जायचात. मी वाचलं ते. काय सुंदर लिहिलंय!"

"सुंदर हाय म्हणूनच गाळलं. तुम्हा बायकांची लाटणी थांबली असती."

सुलोचनाबाई हसतात. हसता हसता त्यांचं लक्ष जातं, तर पापड वाळत घातलेत ते चादरीवर नाहीत, दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर आहेत. ही खाट त्या ओळखतात. पहिल्या खेपेला त्या इथेच होत्या. मुलगी झाली आणि उजाडायच्या आत गेली. सुलोचनाला शुद्ध नव्हती, तिने लेकीला पाहिलंही नाही. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, आता हा विषय काढायचा नाही, आणि तो कुणी काढला नाही. अक्कांनी एवढंच केलं की रोज दुपारी तिच्या खोलीत येऊन ही कादंबरी वाचायला घेतली. वेणूचं बाळ पुढे काय करतं ते ऐकायला म्हणून सुलोचना उठून बसायला लागली, जेवायला लागली. पुढे दोन मुलगे झाले, संसार झाला. त्या मुलीबद्दल मात्र दोघी जावा कधी अक्षर बोलल्या नाहीत.

"अक्का, त्या तापाचं काय झालं?"

"उतरला की. पहाटं घाम आला. दूध मागितलं त्यानं."

"पुस्तकात?"

लाटणं थांबतं. आता गच्ची नाही, वाचनालय आहे. चारी बाजूंना कपाटं, मधोमध ती खाट, आणि खाटेच्या कडेला टेकलेल्या दोघी.

"पान उलटलं आणि समोर तेच," अक्का म्हणतात. "तू भिंतीकडं तोंड करून पडलेलीस. थांबले असते तर तुला कळलं असतं. म्हणून थांबलेच नाही बघ."

सुलोचनाबाई त्यांच्याकडे बघत राहतात. समोर बाळ गेल्याचं छापलेलं आणि ही बाई न अडखळता त्याला दूध पाजत होती! पुढे त्याला शाळेत घातलं, भागूच्या खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, आवाजात जराही कंप नाही. कुठल्या मोठ्या लेखकाला जमलं असतं हे? आपण जगलो ते त्या न लिहिलेल्या प्रकरणांवर, असं त्यांना वाटतं.

"आता खरं वाचा, अक्का. मी ऐकते."

"नको गं."

"इतकी वर्षं तुम्ही एकट्यांनीच वाचलंय ते."

अक्का पुस्तक डोळ्यांजवळ नेतात. पहिली ओळ नीट येते. दुसऱ्या ओळीत वेणूच्या मांडीवरचं बाळ गार पडतं आणि अक्कांचा आवाज फुटतो. उभ्या आयुष्यात सुलोचनाबाईंनी तो असा ऐकलेला नाही.

"नर्सनं माझ्या हातात दिली होती तिला," अक्का म्हणतात. हे पुस्तकातलं नाही.

"कशी होती?" सुलोचनाबाई विचारतात.

"केस लई होते. पार कपाळापर्यंत. नाक तुझं."

"मला कधीच सांगितलं नाहीत."

"सांगू नको म्हणाले सगळे. रडू पण नको म्हणाले. थोरली होते ना मी."

सुलोचनाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवतात. पाठ उबदार आहे.

"मग आता रडा, अक्का. मी आहे इथं."

अक्का पुस्तकावर वाकतात आणि रडायला लागतात, लहान पोरीसारख्या, हुंदके देत. सुलोचनाबाई त्यांची पाठ चोळत राहतात. किती केस होते, हे त्या पुन्हा पुन्हा विचारतात आणि अक्का पुन्हा पुन्हा सांगतात.

पंखा कुरकुरतोय. बाहेर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करतंय. सुलोचनाबाई पडल्या पडल्या पोटावरची कादंबरी उचलतात. पान उलटलेलं आहे. नव्या पानावर, अगदी मधोमध, हाताच्या पंजाएवढा ओला डाग आहे. कागद फुगलाय आणि मागच्या बाजूची अक्षरं त्यातून वर आलीत. त्या डोळ्यांना बोटं लावून बघतात. गाल चाचपतात. दोन्ही कोरडे आहेत.

पान पुसावं असं त्यांना वाटत नाही. त्या उठून बसतात, चष्मा खाली घेतात, पुस्तक तसंच ओलं मांडीवर धरतात आणि त्या पानाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागतात.