वासंती येऊन गेली

पॉवरलूमच्या शेडमध्ये किस्से का साठतात, माहितीये? तिथे दिवसभर कुणाचं कुणाला ऐकूच येत नाही! चोवीस लूम एकदम खडखडायला लागले की माणूस बोलून करणार काय? मग सगळं पोटात साठतं आणि चहाच्या सुट्टीत भडाभडा बाहेर पडतं.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीला, धामणकर नाक्यावरच्या अशाच एका शेडमध्ये लूम चालवायचे. तेव्हा जग मला वसंत म्हणायचं. मनातून मी वासंती होते. मुंबईच्या एका डॉक्टरांना गुपचूप भेटूनही आले होते. ते म्हणाले, "बाईपणाची इंजेक्शनं देऊ, पण आधी एक वर्ष थांबायचं. मन बदलतंय का ते बघू. आणि पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी घरच्या माणसाची सही हवी."

वर्ष! इथे मला एक दिवस काढवत नव्हता.

*

मग मी एक युक्ती काढली. लूमच्या आवाजात स्वतःलाच हाका मारायच्या. "वासंती, दम धर. वासंती, अजून थोडं." चांगलं मोठ्याने हं! ऐकणार कोण? जीव हलका व्हायचा.

आठवडाभराने आमची खाला, म्हणजे कांड्या भरणारी म्हातारी, चहा पिता पिता म्हणाली, "बेटा, ये वासंती कौन है?"

मी विसरलेच होते! आमच्या शेडमध्ये सगळेच ओठ बघून बोलणं ओळखायचे. म्हणजे आठवडाभर मी माझं गुपित चोवीस लूमना दाखवत बसले होते!

"दिनभर उसी का नाम! शादी कर ले, पगले!"

सगळे हसले. मीही हसले. सुटले बाई, म्हटलं.

*

त्यानंतर एकदा जेवून परत आले, तर दारातच गणूमामा. हे आमचे जॉबर, लूम दुरुस्त करणारे. म्हणाले, "वसंता, तुझी ती वासंती येऊन गेली रे."

"कोण?"

"अरे, तुझ्या लूमपाशी उभी होती. तुटलेला धागा जोडत होती. म्हटलं, जेवायला गेलाय, थांब. तर नुसती हसली नि गेली."

"दिसते कशी?"

मामांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुझ्याच वळणाची आहे. नात्यातली बघितलीस काय रे?"

मामांना थट्टेची भारी खोड. मी आत गेले. धागा खरंच जोडलेला होता. मी डावखुरी, माझी गाठ नेहमी उलटी पडते. ही पण उलटीच होती! पुढचे चार दिवस मी त्या लूमकडे पाठ केली नाही.

*

आणि ती कासारीण! शेडच्या दारात बायकांना बांगड्या भरायला यायची. मी शेजारून जात होते, तर तिने माझा हातच धरला. "अगं बया, परवा भरलेल्या हिरव्या एवढ्यात फोडल्यास?"

मी शर्ट-पँटमध्ये, गालावर दाढीचे खुंट! खाला ओरडली, "अरे, वो मर्द है!"

कासारीण काही हात सोडेना. "तोंड विसरेन, हात नाही विसरायची मी!" असं म्हणून तिने एक बांगडी चढवली. इतक्या रुंद हातात ती लोण्यासारखी सरकली.

घरी दार लावून मी ढसाढसा रडले. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त हेवा वाटला हो! मी इथे दिवस ढकलतेय आणि ती खुशाल बांगड्या भरून जातेय.

*

वर्ष संपायला महिना उरला आणि पोस्टकार्ड आलं. डॉक्टर परदेशी गेलेत, सहा महिन्यांनी या.

मी भर दुपारी कशेळीच्या खाडीवर गेले. खोटं कशाला बोलू, परत यायचं मनात नव्हतं. भरतीची वेळ होती. मागे एक म्हातारा जाळं वाळत घालत होता, तो खेकसला, "ओ दादा, पानी चढतंय! मागं व्हा! न त्या बाईला पन मागं घ्या, कवाची तुमचा सदरा धरून उभी हाय!"

मी वळले. कुणी नव्हतं. सदरा मात्र पाठीमागे चुरगळला होता, मुठीत घट्ट धरल्यासारखा.

मी मागे झाले.

*

त्या रविवारी मी मानकोलीला आईकडे गेले. आईने दोन ताटं वाढली.

"आये, दुसरं कुणाला?"

"तुझ्यासंगं आली तिला. पाय धुवाया मागं गेली नं?"

मागल्या दारी कुणी नव्हतं. मग मात्र मी आईला सगळं सांगून टाकलं. इंजेक्शनं, डॉक्टर, सही. सहीऐवजी तिचा अंगठाही चालला असता.

आईने त्या दुसऱ्या ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तिला रोज जेवाया घालीन. पन आंगठा मागू नको. माझा एकच पोर हाय. त्याला मी माझ्या हातानं पुसनार न्हाय."

तिचंही काय चुकलं म्हणा.

*

सहा महिने सरले. मी एकटीच मुंबईला गेले. रात्रभर ठरवत होते, शेजारणीला मावशी म्हणून उभी करू का? पण या एका कामाची सुरुवात खोट्याने करायला मन धजेना.

नर्सने विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. आता परत पाठवणार. पुन्हा थांबायचं. आणि पुन्हा थांबायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

नर्सने फाईल उघडली आणि माझ्याकडेच चक्रावून बघितलं. "अहो, सही झालीये की! आत्ताच तर करून गेल्या त्या."

कागद तिने माझ्यापुढे सरकवला. खाली सही होती, वासंती. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "मीच."

मी बोट फिरवलं. शाई ओली होती.

"चला," नर्स म्हणाली, "बाही वर करा."