चित्र थोडं दाणेदार चालेल

डॉ. सुभद्रा बाफना मॅडमनी साठी पूर्ण केली. मंचरच्या सीटी स्कॅन केंद्रात मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले, त्या दिवशी त्या मला प्रथम भेटल्या त्या यंत्रापाशीच. महाळुंगे पडवळच्या एका आजोबांना त्या समजावत होत्या, "औषध शिरेत गेलं की अंगातून ऊन पाणी फिरल्यासारखं वाटेल. घाबरून हलू नका."

"म्हंजी आजची आंघुळ हितंच झाली म्हना!" आजोबा म्हणाले. मॅडम मनापासून हसल्या.

रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध रुग्णाच्या वजनाप्रमाणे बेतायचं, नळीत राहिलेलं वाया जाऊ नये म्हणून मागून सलाइन सोडायचं आणि यंत्राचं व्होल्टेज कमी ठेवायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. कमी व्होल्टेजवर औषध उठून दिसतं, किरणंही कमी लागतात. मात्र चित्र दाणेदार येतं आणि अहवाल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना ताण पडतो. अहवाल मॅडमच लिहीत; तो ताण त्यांनी स्वतःकडे घेतला. "गुळगुळीत चित्र आपल्या सोयीचं, किरणं मात्र पेशंटच्या अंगात," असं त्या म्हणाल्या होत्या. शब्द नेमके हेच होते का, याची मला खात्री नाही. अर्थ हाच होता.

बोरी बुद्रुकची एक बाळंतीण एकदा अचानक धाप लागून आली. फुप्फुसात रक्ताची गाठ असल्याची शंका होती. एरवी आम्ही "मोठा श्वास घ्या" म्हणतो. मॅडमनी तेच टाळायला सांगितलं. मोठ्या श्वासाबरोबर पोटाकडचं औषध न मिसळलेलं रक्त वर ओढलं जातं, बाळंतिणीत तर अधिकच, आणि गाठीभोवतीचं रक्त चित्रात फिकं पडून गाठ ओळखू येत नाही.

ऑक्सिजन चालू ठेवून त्या तिच्या उशाशी बसल्या. "मोठा नको गं. आहे तिथंच थांबव." तिला खोकला आला. पुन्हा सराव. दारातून सासरे कळवळले, "मॅडम, हिच्या लग्नाचा फोटो बी येवढ्या तालमीनं न्हवता काढला! करा की चालू!"

"करते, भाऊ. घाईनं बिघडला तर पुन्हा औषध, पुन्हा किरणं. चालेल?"

"न्हाई, न्हाई. तुमी करा सावकाश."

अखेर तिला श्वास हवा तसा रोखता आला. एकाच फेरीत गाठ स्पष्ट दिसली आणि लगेच उपचार सुरू झाले. पुढे ती बाळाला घेऊन मॅडमना भेटायला आली. तेव्हा बाळ रडत होतं आणि ती त्याला गाणं म्हणून दाखवत होती, धाप न लागता.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी आमची चित्रं अशीच वाचत राहावं; त्यांचं चित्र काढायची वेळ मात्र आमच्यावर कधीही न येवो.